प्रतिसाद : भरावावरची वेडी बाभूळ

मातीच्या धरणावरील झाडे माती धरून ठेवतात, म्हणून ती तोडू नयेत, असे वर म्हटले आहे. हरळीसारख्या गवताबाबत ते खरे आहे, वेड्या बाभळीबाबत मुळीच नाही. तिची मुळे भरावात खोल शिरतात आणि झाड वाळले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहून पाण्याला आयती वाट मिळते. सोलापूरजवळ आदिला नदीवरील आपला एकरुख, म्हणजेच हिप्परगा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. इतक्या जुन्या भरावाची तर फारच काळजी घ्यायला हवी. पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर त्यावर नुसते लक्ष ठेवावे, पण ते गढूळ झाले तर आतली माती वाहू लागली आहे असे समजून तत्काळ पाटबंधारे खात्याला कळवावे.