मदत हवी आहे : चिपळूण-रत्नागिरी बाजूला मराठीतून एए मीटिंग कुठे भरते?

नमस्कार मंडळी, आम्ही गुहागरकडचे. माझा मोठा भाऊ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय, सध्या दारू बंद आहे आणि आता स्वतःहून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला जायचं म्हणतोय. मला याचा खूप आनंद आहे कारण तिथली अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी, बाकी फी नाही, आडनावही सांगावं लागत नाही. पण आमच्या वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात त्यामुळे तो जवळपास कुठे जायला बिचकतो, म्हणून चिपळूण किंवा रत्नागिरी, आणि संध्याकाळची एसटी चुकली की परत यायचे वांधे, त्यामुळे रविवार सकाळची मीटिंग असेल तर फार बरं होईल.

कोणी प्रत्यक्ष गेलंय का? क्लोज्ड मीटिंगला घरच्यांना बसता येत नाही, म्हणून पहिल्यांदा मला सोबत जाता येईल अशी ओपन मीटिंग कधी असते ते सांगा. वहिनीसाठी अल-अनॉनचा, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असतो तो, ग्रुपही हवाय, इतकी वर्षं सगळं तिनेच निभावलंय आणि तिची विचारपूस कोणीच करत नाही.

ऑनलाइन मीटिंग सुचवाल तर घरात रेंज धड नसते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन माहितीये, पण मला जाऊन आलेल्या माणसाकडून ऐकायचंय. गणपतीत चाकरमानी आले की भजनानंतर बाटल्या निघतातच, त्याआधी त्याला ही माणसं भेटायला हवीत. इथे कोणाचं नाव लिहू नका, मला मेसेज करा प्लीज.