क्वीन्स पार्क (ग्लासगो): तीन हॅम्पडेन, दोन कॅथकिन आणि 'हौशी' म्हणजे नेमकं काय?

कॉर्नरफ्लॅग:
स्कॉटलंडमधला सर्वात जुना फुटबॉल क्लब म्हणून क्वीन्स पार्क एफसीवर एक छोटी टिपण तयार करतोय. जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय. अडचणी अशा:

१) हॅम्पडेन पार्क एके ठिकाणी १८७३चं म्हणतात, दुसरीकडे १९०३चं. १८७८ आणि १८८२ला स्कॉटलंडने इंग्लंडला 'हॅम्पडेनवर' हरवलं, असंही सापडतं. मग १९०३चं काय?

२) या क्लबने दहा वेळा स्कॉटिश कप जिंकला, पण सर्वोच्च लीग एकदाही नाही. १८९०ला लीग सुरू झाली तेव्हा हे कुठे होते?

३) १५२ वर्षं हौशी राहिले म्हणजे खेळाडूंना काहीच मिळत नव्हतं का? आणि २०१९ला बदल का झाला?

जाणकारांनी तारखांसकट लिहिलं तर बरं होईल.

---

लाइन्समन:
आधी मैदानं, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. 'हॅम्पडेन' हे एका जागेचं नाव नाही. क्लब सामान उचलून जिथे गेला तिथे नावही सोबत गेलं. सामन्याची तारीख बघायची आणि मैदान ठरवायचं:

१८७३ ते १८८३ – पहिलं हॅम्पडेन. शेजारच्या हॅम्पडेन टेरेस या घरांच्या रांगेवरून नाव पडलं. त्या रांगेला नाव मिळालं होतं जॉन हॅम्पडेनवरून, म्हणजे इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या संसदपक्षाच्या पुढाऱ्यावरून. स्कॉटलंडचं राष्ट्रीय मैदान एका इंग्रज पुढाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं, ही गंमत तिथल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. तुम्ही म्हणता ते ७-२ (१८७८) आणि ५-१ (१८८२) हे दोन्ही सामने इथले. कॅथकार्ट डिस्ट्रिक्ट रेल्वेचा मार्ग मैदानातून आखला गेला आणि जागा सोडावी लागली.

१८८३-८४ – स्वतःचं मैदान नाही. तात्पुरते टिटवूड पार्कवर.

ऑक्टोबर १८८४ ते १९०३ – दुसरं हॅम्पडेन, जवळच. ही जागा भाड्याची होती. मोठं मैदान उभारायचं तर जमीन स्वतःची हवी, म्हणून क्लबने पलीकडे जमीन विकत घेतली.

३१ ऑक्टोबर १९०३पासून – तिसरं, म्हणजे आजचं. पहिला सामना लीगचा, क्वीन्स पार्क १, सेल्टिक ०.

आता पुढचा खड्डा. १९०३ला रिकामं झालेलं दुसरं हॅम्पडेन थर्ड लानार्क या क्लबने घेतलं आणि त्याचं नाव 'न्यू कॅथकिन पार्क' ठेवलं. 'न्यू' अशासाठी की त्यांचं आधीचं एक कॅथकिन पार्क होतंच. त्यामुळे १८८४चा स्कॉटलंड-इंग्लंड सामना (१-०) 'कॅथकिन पार्क' म्हणून नोंदलेला दिसला की तो जुन्या कॅथकिनवरचा समजायचा. तो दुसऱ्या हॅम्पडेनच्या खात्यावर टाकणं ही नेहमी होणारी चूक आहे.

थर्ड लानार्क १९६१ला लीगमध्ये तिसरे आले, हंगामात १०० गोल केले आणि १९६७ला क्लबच बंद पडला. मैदान सार्वजनिक बाग म्हणून शिल्लक आहे. झाडांमधून उभं राहायच्या सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे अजून दिसतात. पहिल्या हॅम्पडेनच्या जागी आता लॉन बोलिंगचा क्लब आहे आणि त्याच्या भिंतीवर त्या ५-१चं चित्र रंगवलेलं आहे.

---

सेंटरहाफ:
लाइन्समन यांच्या यादीत एक भर घालतो. त्याशिवाय तिसऱ्या हॅम्पडेनचं बांधकाम कळत नाही.

५ एप्रिल १९०२ला स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात आयब्रॉक्सवर (रेंजर्सचं मैदान) प्रेक्षकांच्या गॅलरीचा एक भाग कोसळला आणि २५ माणसं गेली. ती गॅलरी लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून उंच उभी केलेली होती. गर्दीच्या भाराने फळ्या तुटल्या आणि माणसं सरळ खाली पडली. आराखडा आर्चिबाल्ड लीच यांचा. तिसऱ्या हॅम्पडेनच्या आखणीतही तेच होते, पण इथे पायऱ्या मातीच्या भरावावर बसवल्या. भरावावरची फळी कुजली तरी खाली पोकळी नसते, हा साधा हिशेब. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या मैदानांनी तीच पद्धत उचलली.

त्या भरावांमुळेच १७ एप्रिल १९३७ला स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षक मावले. आठवड्याभरात, २४ एप्रिलला, सेल्टिक-अॅबरडीन कप फायनलला १,४७,३६५. आणि या मैदानाचा मालक कोण, तर एक हौशी क्लब. क्वीन्स पार्कच्या स्वतःच्या सामन्याला सर्वात मोठी गर्दी ९५,७७२, जानेवारी १९३०, रेंजर्सविरुद्ध कपमध्ये. शेवटच्या काही दशकांत याच मैदानावर त्यांच्या लीग सामन्यांना काही शे लोक यायचे. गोलकीपरने बचावफळीला मारलेली हाक वरच्या रांगेत ऐकू यावी, इतकी शांतता.

---

पासिंगगेम:
प्रश्न २चं उत्तर समजायचं तर आधी हा क्लब किती वजनदार होता ते लक्षात घ्या.

स्थापना ९ जुलै १८६७, एग्लिंटन टेरेस, ग्लासगो. नावासाठी 'द सेल्ट्स', 'द नॉर्दर्न', 'मोरेशायर' अशाही सूचना होत्या. 'क्वीन्स पार्क' एका मताने निवडून आलं. (ती 'क्वीन' व्हिक्टोरिया नव्हे. उद्यानाचं नाव मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स हिच्यावरून आहे.) 'सर्वात जुना' हे लिहिताना 'असोसिएशन फुटबॉलचा' एवढी भर घाला, कारण एडिनबरोत १८२४ला जॉन होप यांनी 'फुट-बॉल क्लब' काढला होता, खेळ मात्र आजचा नव्हता.

१८७१-७२च्या पहिल्या एफए कपमध्ये (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) हे उतरले. चषकाची किंमत सुमारे २० पौंड, त्यात यांचा वाटा १ गिनी. प्रवास लांबचा म्हणून आधीच्या फेऱ्यांत सूट मिळाली आणि एकही सामना न खेळता थेट उपांत्य फेरी. लंडनला वाँडरर्सशी ०-०. फेरसामन्यासाठी तिथे राहायला पैसे नव्हते, म्हणून माघार.

३० नोव्हेंबर १८७२चा पहिला आंतरराष्ट्रीय सामना: पार्टिकमधलं हॅमिल्टन क्रेसेंट हे क्रिकेटचं मैदान, स्कॉटलंड ०, इंग्लंड ०. अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे, संघनिवड गोलकीपर-कर्णधार रॉबर्ट गार्डनरची. इथे एक बारकावा आहे. स्मिथ बंधूंपैकी रॉबर्ट तेव्हा लंडनकडे साउथ नॉरवूडकडूनही खेळायचा, त्यामुळे काही याद्यांत त्याच्यापुढे दुसरा क्लब दिसतो. गोंधळू नका, क्वीन्स पार्कचं सभासदत्व कायम होतं. स्कॉटलंडची गडद निळी जर्सी हाही तेव्हाचा क्वीन्स पार्कचाच रंग. काळे-पांढरे आडवे पट्टे क्लबने पुढच्या वर्षी घेतले.

खेळातली खरी देणगी म्हणजे पासिंग. इंग्लिश संघ तेव्हा ड्रिब्लिंग करत: एकाने चेंडू घेऊन धावायचं, बाकीच्यांनी मागून गर्दी करत यायचं आणि निसटलेला चेंडू उचलायचा. स्कॉटिश खेळाडू अंगाने हलके. धक्काबुक्कीत टिकाव नाही म्हटल्यावर जोडीजोडीने चेंडू देत-घेत पुढे सरकायचं. बहुतेक वर्णनांत त्या दिवशी इंग्लंडची मांडणी (बचाव-मधली फळी-आघाडी) १-१-८ आणि स्कॉटलंडची २-२-६ दिली जाते. मागचे ते दोन-दोन असल्यामुळेच चेंडू मागे द्यायला माणूस सापडायचा.

मार्च १८७३ला स्कॉटिश एफए (स्कॉटलंडची फुटबॉल संघटना) स्थापन झाली ती यांच्याच पुढाकाराने, आठ क्लब घेऊन. पहिले तीनही स्कॉटिश कप यांचे. डिसेंबर १८७६पर्यंत एकाही स्कॉटिश क्लबकडून हरले नव्हते. मग कपमध्ये व्हेल ऑफ लेव्हनने २-१ने हरवलं. दहा कप असे: १८७४, ७५, ७६, ८०, ८१, ८२, ८४, ८६, ९०, ९३. यातल्या १८८४ला तारा लावा, फायनल झालीच नाही, व्हेल ऑफ लेव्हन मैदानावर आले नाहीत. १८८१ची फायनल डंबार्टनच्या तक्रारीमुळे दोनदा झाली, म्हणून दोन स्कोअर सापडतात. दुसरा (३-१) धरायचा.

अँड्र्यू वॉटसन यांचं नाव टिपणात हवंच. फुटबॉलमधले पहिले कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय खेळाडू, क्वीन्स पार्कचे बचावपटू आणि काही काळ क्लबचे सचिवही. १८८१ला लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ने हरवणाऱ्या संघाचे कर्णधार तेच.

---

कॉर्नरफ्लॅग:
सगळ्यांचे आभार, पहिला प्रश्न सुटला. पण मग इतका वजनदार क्लब १८९०ला लीगमध्ये का नाही? कुणी घेतलं नाही की हेच गेले नाहीत?

---

पासिंगगेम:
हेच गेले नाहीत. बोलावणं होतं. लीग म्हणजे ठरलेलं वेळापत्रक, त्यातून ठरलेली गर्दी आणि गेटचे पैसे, मग चांगल्या खेळाडूला पगार देणं आलंच, आणि लहान क्लब मरणार, असा त्यांचा अंदाज. अंदाज अगदी बरोबर निघाला. १८९३ला स्कॉटलंडमध्ये पगारी फुटबॉल अधिकृत झालं, आणि क्वीन्स पार्कचा शेवटचा कपही १८९३चाच (सेल्टिकविरुद्ध २-१).

दुसरा मार्गही बंद झाला होता. १८८४ आणि १८८५ला हे एफए कपच्या फायनलला पोहोचले, दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरले (२-१, २-०). १८८७ला स्कॉटिश एफएने आपल्या क्लबांना इंग्लंडची स्पर्धा खेळायला बंदी केली. लीगबाहेर राहिलं तर तोलामोलाचे सामनेच मिळेनात, म्हणून १९००ला लीगमध्ये आले. सुरुवातीला तळाला राहूनही मतदानात वाचायचे, कारण आपोआप खाली जाण्याचा नियम नव्हता. तो १९२१-२२ला आला आणि त्याच हंगामात हे खाली गेले! वर्षात परत आले म्हणा. सर्वोच्च श्रेणीतला शेवटचा हंगाम १९५७-५८.

---

सेंटरहाफ:
प्रश्न ३. 'हौशी' म्हणजे प्रवास वगैरे खर्च मिळायचा, पगार नाही. ब्रीदवाक्यच 'लुडेरे कॉजा लुडेंडी', म्हणजे खेळासाठी खेळ. खरा फटका पगाराचा नव्हता, कराराचा होता. पगारी करार नाही म्हणून खेळाडू हाताशी बांधून ठेवता येत नाही, आणि दुसऱ्याने नेला तर ट्रान्सफर फी मागता येत नाही. अॅलेक्स फर्ग्युसन १६व्या वर्षी इथून सुरू झाले आणि १९६०ला सेंट जॉन्स्टनला गेले. अँडी रॉबर्टसन २०१३ला इथूनच डंडी युनायटेडला गेला. घडवायचं यांनी, विकायचं दुसऱ्यांनी.

बदलाचं कारण मैदान. स्कॉटिश एफएचा हॅम्पडेनचा भाडेकरार २०२०ला संपत होता आणि मोठे सामने एडिनबरोच्या मरीफिल्डला हलवायचा विचार चालू होता. ते भाडं गेलं असतं तर एवढं मैदान सांभाळणं क्लबला अशक्य. २०१८ला स्कॉटिश एफएला ५० लाख पौंडांना विक्री ठरली. नोव्हेंबर २०१९ला सभासदांनी हौशी दर्जा सोडायचं मत दिलं. विक्रीचा व्यवहार २०२०ला पुरा झाला.

निकाल लगेच दिसला: २०२०-२१ला लीग टूचं (चौथी श्रेणी) विजेतेपद, पुढच्या वर्षी प्लेऑफमधून चॅम्पियनशिप (दुसरी श्रेणी), आणि मे २०२३ला शेवटच्या दिवशी डंडीला हरवलं असतं तर थेट प्रीमियरशिप (सर्वोच्च श्रेणी). ५-३ने हरले. तोही 'घरचा' सामना, पण स्टेनहाउसम्युअरच्या ऑकिलव्ह्यूवर, कारण हॅम्पडेनला लागून असलेल्या लेसर हॅम्पडेन या छोट्या मैदानाचं काम रखडलेलं. त्याआधी काही काळ पार्टिक थिसलच्या फरहिलवर. तेव्हा या वर्षांतल्या सामन्यांपुढे डोळे झाकून 'हॅम्पडेन' लिहू नका.

---

लाइन्समन:
एक राहिलं. ९ फेब्रुवारी २०२५ला स्कॉटिश कपमध्ये यांनी आयब्रॉक्सवर रेंजर्सला १-०ने हरवलं. गोल सेबॅस्टियन ड्रोझ्डाचा, शेवटी गोलकीपर कॅलम फेरीने पेनल्टी अडवली. 'हौशी क्लबने रेंजर्सला लोळवलं' असं पुष्कळ ठिकाणी फिरतंय. चूक आहे. तोवर पगारी होऊन पाच वर्षं झाली होती.

---

कॉर्नरफ्लॅग:
ते वाक्य टिपणात होतं! खोडलं. १८८४पुढे ताराही लावला.