शेवटच्या खोलीत हवाच पोचत नाही, डक्टमधले भाग कोणी नीट समजावून सांगेल का?

नवीनच_शिकतोय
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात सेंट्रल एसी आहे, मशीनरूममधून एक मोठा डक्ट निघतो आणि कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगवरून सात खोल्यांना फाटे जातात. पहिल्या दोन खोल्यांत लोक स्वेटर घालून बसतात आणि शेवटच्या मीटिंग रूममध्ये दार लावलं की दहा मिनिटांत घुसमटायला होतं, थंडीत हीटिंग चालू असलं तरी तीच खोली गारठलेली. देखभालवाले म्हणतात फॅन मोठा लावा. डँपर, प्लेनम, कॉलर, डिफ्युझर हे शब्द कानावर पडलेत पण कुठला भाग काय करतो आणि मी नेमकं आधी काय बघू ते कळत नाहीये.

पत्र्यातला_माणूस
फॅनला हात लावू नका आधी. हवा २० टक्के वाढवायची तर त्याच डक्टवर फॅनला जवळपास ७३ टक्के जास्त पॉवर लागते, कारण पॉवर घनाच्या प्रमाणात वाढते, आणि एवढं करून जास्तीची हवासुद्धा सगळ्यांत वाटली जाणार, म्हणजे पहिल्या खोल्या अजून गार.

हवेच्या वाटेने चला म्हणजे भाग आपोआप कळतात. एएचयू म्हणजे मशीनरूममधली हवा गार-गरम करून ढकलणारी पेटी, तिच्यात फिल्टर, कॉइल (हवा गार किंवा गरम करणाऱ्या नळ्या) आणि ब्लोअर, म्हणजेच फॅन. ब्लोअर आणि डक्टच्या मध्ये कॅनव्हासचा जोड असतो, तो मशीनची थरथर पुढे पत्र्यात जाऊ देत नाही (हा फाटला की तिथूनच हवा गळते, आणि तिकडे कोणी बघतही नाही). पुढे प्लेनम म्हणजे हवा जमायची पेटी, मग मेन डक्ट, आणि मेनमधून फाटा काढायला कॉलर किंवा टेकऑफ. मेन जसजसा पुढे जातो तसा रिड्यूसर लावून लहान करतात, कारण मागच्या फाट्यांनी हवा काढून घेतलेली असते. चौकोनी एल्बोमध्ये वळणाच्या पट्ट्या हव्यात, टर्निंग व्हेन, त्या नसल्या की हवा बाहेरच्या भिंतीवर आपटून घुमते आणि प्रेशर तिथेच वाया जातं.

आता तुमचा मुद्दा. प्रत्येक फाट्यावर व्हॉल्यूम डँपर असायला पाहिजे, म्हणजे हवा कमी-जास्त करायचं आतलं फिरतं पातं, बाहेरून त्याची एक दांडी दिसते. बऱ्याच डँपरची दांडी पात्याच्या दिशेतच असते, म्हणजे दांडी डक्टच्या लांबीला समांतर तर उघडा आणि आडवी तर बंद. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते, त्यामुळे जवळच्या खोल्यांचे डँपर पूर्ण उघडे असतील तर शेवटच्याला उरतं ते उरतं. जवळचे थोडे थोडे आवळा, लांबचा पूर्ण उघडा ठेवा, आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्या खोल्या परत मोजा, कारण एक आवळला की बाकी सगळ्यांची हवा बदलते.

परतीची_हवा
वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते इथे तीच महत्त्वाची आहे. "दार लावलं की" घुसमटतं असं तुम्हीच लिहिलंय ना! आत जाणारी हवा बाहेर निघायला वाट नसेल तर खोलीत प्रेशर वाढतं आणि नवीन हवा आत यायलाच तयार नसते. सगळे हवा आणणाऱ्या सप्लायच्या डक्टकडे बघतात, रिटर्नचा, म्हणजे हवा मशीनकडे परत जायच्या वाटेचा, विचार कोणी करत नाही. त्या खोलीत रिटर्न ग्रिल, म्हणजे परतीच्या हवेची जाळी, आहे का? नसेल तर दाराखाली फट किंवा दारात ट्रान्सफर ग्रिल (हवा कॉरिडॉरमध्ये जाऊ देणारी जाळी) पाहिजे. दार बंद करून डिफ्युझरजवळ (खोलीत हवा सोडणारं जाळीचं तोंड) टिश्यूची पट्टी धरा, मग दार उघडून तीच धरा, पट्टी आधीपेक्षा जोरात उडली तर दोष रिटर्नचा.

नवीनच_शिकतोय
केलं आत्ताच! दार उघडल्यावर पट्टी बरीच जोरात उडते. ग्रिल कुठेच नाही, आणि दाराखाली कार्पेट अगदी घासून बसलंय. सीलिंगची टाइल सरकवून पण बघितलं, शेवटच्या फाट्याचा चंदेरी लवचिक पाइप वेलीसारखा लोंबतोय आणि आधाराच्या एका पट्टीवर दुमडलाय, तो बराच लांब पण आहे. डँपरची दांडी सापडली नाही.

पत्र्यातला_माणूस
मग फॅनचं काम नाहीच. फ्लेक्सिबल डक्ट ताणलेला असताना ठीक, पण आतली स्प्रिंग दाबलेली आणि पाइप लोंबता असला की आतलं अस्तर सुरकुततं आणि घर्षण कित्येक पट होतं. डिफ्युझरपाशी दीडेक मीटरच ठेवा, बाकी पत्र्याचा पाइप, आणि रुंद पट्टीने आधार, अरुंद पट्टी त्याचा गळा आवळते. डँपर फाट्याच्या सुरुवातीला मेनजवळ शोधा, कधी कधी इन्सुलेशनखाली दांडी झाकली जाते. आणि डिफ्युझरच्या तोंडाशी डँपर बसवू नका, शिट्टीसारखा आवाज येतो.

आग अडवणाऱ्या भिंतीतून डक्ट जात असेल तर तिथला फायर डँपर वेगळा. त्याची कडी साधारण ७२ अंशाला वितळून पातं पडतं, ते चुकून पडलेलं नाही ना एवढं बघा, पण उघडायचं काम मात्र जाणकाराकडूनच.

परतीची_हवा
हीटिंगचं पण सांगते. गरम हवा हलकी, सीलिंगलाच चिकटून राहते, त्यामुळे वेग कमी असेल तर पाय गारच राहतात. डिफ्युझरची पाती हलवता येत असतील तर थंडीत खाली तोंड करून बघा. पाइप बदलताना इन्सुलेशनवरचं चंदेरी वेष्टन कुठे फाटलं तर लगेच टेप लावा, नाहीतर थंड पत्र्यावर दमट हवा पोचते, घाम सुटतो आणि सीलिंगवर पाण्याचे डाग पडतात.