मदत हवी आहे: वाफेच्या रोड रोलरचा कारखाना क्रमांक (बनवणाऱ्या कंपनीने यंत्राला दिलेला क्रमांक) कुठे शोधावा?

वरंध घाटाच्या अलीकडे, भोरच्या बाजूला वाफेवरचा जुना रोड रोलर गंजत उभा आहे. डिझेलचा नक्की नाही: आडवा बॉयलर, धुराडं, वर एकच सिलिंडर, बाजूला फ्लायव्हील. पुढे ॲव्हलिंग अँड पोर्टर या इंग्लिश कंपनीचं चिन्ह, उधळलेला घोडा, नाही, तो बसवल्याची भोकंही नाहीत; म्हणून हा इंग्लंडमधल्या गेन्सबरोच्या मार्शल कंपनीचा असल्याचा संशय. पितळी पाटी अर्थातच भंगारात गेली असणार. क्रँकशाफ्टच्या (फ्लायव्हील ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) टोकावर खडू घासला, तर ‘७’ आणि ‘४’ एवढंच उमटलं. यंत्र सरकारी आहे, त्यामुळे खोलाखोल नको. ग्राइंडर तर नकोच, उथळ ठसा कायमचा जातो. मार्शलवर क्रमांक आणखी कोणकोणत्या भागांवर ठोकलेला असतो? आणि नुसत्या सिलिंडरच्या घडणीवरून कंपनी ओळखता येते का?