मदत हवी आहे : चाळिशीजवळ संघटन-बदलाचं (संस्थेत बदल कसा घडवावा याचं) शिक्षण घ्यावं का?

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात 14 वर्षं संकलन विभागात आहे. गेल्या वर्षी गावोगावच्या संस्थांत फॅट मोजून लगेच पावती देणारी यंत्रं बसवली. यंत्रं चालली, पण सचिव मंडळी वहीच लिहीत राहिली. हिशेब आपल्या हातून जाईल अशी भीती त्यांना होती, आणि आम्ही त्यांना साधं विचारलंही नव्हतं. नंतर मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनची मांडणी वाचली : आधी गोठलेलं वितळवा (म्हणजे माणसांच्या जुन्या सवयी सैल करून त्यांना बदलासाठी तयार करा), मग बदला, मग पुन्हा स्थिर करा. आम्ही पहिली पायरीच गाळली होती! तेव्हापासून हे नीट शिकायचं मनात आहे.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत संघटन विकास, बदल आणि नेतृत्व यांवर दोन वर्षांचं एमए आहे, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल आणि घरी दोन शाळकरी मुलं आहेत. पुण्याची वैकुंठ मेहता संस्था सहकाराच्या जवळची. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमबीए नोकरी सांभाळून जमेल, पण माणसांत बसून शिकणं त्यात कितपत होतं?

यातलं काही केलेलं कुणी आहे का? विशेषतः शिकून आपल्याच जुन्या संस्थेत परतलेलं? वरिष्ठांनी ते शिक्षण वापरू दिलं का, एवढं तरी कृपया सांगा.