मदत हवी आहे: मुलगा हुशार, पण वाचताना अडतो

मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, तोंडी हिशेब पटापट. पुस्तक उघडलं की गाडी अडलीच. 'घर'चं 'धर' वाचतो, 'भ' आणि 'म'मध्ये गोंधळतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. फळ्यावरचं उतरवताना ओळीच गळतात. डोळे तपासले, नंबर नाही. बाईंच्या मते आळस. मला नाही पटत. हा डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं) असेल का?

मुंबईत सायन हॉस्पिटलला तपासणी होते, पण आम्ही साताऱ्याचे. इकडे किंवा पुण्यात मराठीतून चाचणी कोण घेतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येतं, तर दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सुरुवात कुठून करायची? ("मोठा झाला की येईल" हे घरातले रोज ऐकवतात, तेवढं सोडून सांगा.)