नैराश्यावरचा डोस अल्झायमरला चालेल?
टीएमएस (डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंदांनी मेंदूला चेतना देण्याचा उपचार) नैराश्यावर चालतं म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशावरही चालेल, असा तर्क काही जण करतात; तो मला घाईचा वाटतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २००८ मध्ये टीएमएसला परवानगी दिली ती औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. अल्झायमरमध्ये मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदूमधली द्रवाची जागा वाढते. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतरासोबत झपाट्याने क्षीण होतं, तर टीडीसीएस या दुसऱ्या उपचारात डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून दिलेला १-२ मिलिअँपिअर वीजप्रवाह (बराचसा तर कातडीतूनच निसटतो!) त्या द्रवातून सोपी वाट काढतो. त्यामुळे निरोगी मेंदूवर ठरवलेला डोस इथे तसाच लागू पडेल असं धरता येत नाही. खोट्या (प्रत्यक्षात उपचार न देणाऱ्या) कॉइलशी तुलना नसेल, तर सुधारणेचे आकडे मी बाजूलाच ठेवतो. आणि मेंदूला असा प्रवाह देणारे घरगुती हेडसेट न्यूरॉलॉजिस्टला न विचारता लावू नका, आधी फिट आली असेल तर मुळीच नको.